मदत हवी आहे: परीक्षकांची मतं गुणांत उतरू नयेत म्हणून काय करावं?

नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत गणपतीत आठवी ते दहावीच्या मुलांची वक्तृत्व स्पर्धा आहे. विषय मुलांनीच निवडलाय: ठाणे-बोरिवली बोगदा हवा की नको. (कार्टी हुशार आहेत.)

अडचण परीक्षकांची. एक काका रोज गायमुख घाटात ट्रॅफिकमध्ये अडकतात. त्यांना बोगदा कालच हवा होता. एक काकू येऊरला पक्षी बघायला जातात. बोगद्यासाठी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाखाली खोदकाम म्हटलं तरी त्यांचा जीव कळवळतो. दोघंही सरळ माणसं, मुद्दाम पक्षपात कुणी करणार नाही. पण पटलेला मुद्दा आपोआप ‘छान मांडला’ वाटतो आणि न पटलेल्यातले उच्चारदोषसुद्धा खटकतात.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये सैन्यातल्या अधिकाऱ्यांचं मूल्यमापन तपासलं, तेव्हा दिसलं की एका बाबतीत चांगलं मत झालं की बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व सगळ्यांचेच गुण वर सरकतात. म्हणून मुद्दे, मांडणी आणि उच्चार यांचे गुण वेगवेगळे लिहून घ्यायचे आणि ते गोळा होईपर्यंत परीक्षकांनी आपसात बोलायचं नाही, एवढं ठरवलंय.

पण निबंधासारखं नाव झाकता येत नाही, मूल समोरच उभं असतं. बाजू चिठ्ठी टाकून द्यावी का? की प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी बोलायला लावावं? त्यात वेळ फार जाईल. शाळा-कॉलेजात परीक्षण केलेल्यांनी प्लीज सांगा, गुणपत्रिकेचा नमुना असेल तर उत्तमच.