एफडी म्हणून आईच्या गळ्यात पॉलिसी मारली, कोल्हापुरात दाद कुठं मागायची?

रंकाळ्याचा_वारा:
मंडळी सल्ला पाहिजे, जरा लांबण लागंल. आई ६२ वर्षांची, बाबांची फॅमिली पेन्शन येते. गेल्या वर्षी दिवाळीनंतर गावाकडच्या जमिनीचे २ लाख आले, ते एफडीत टाकायला ती एकटीच बँकेत गेली (नाव लिहित नाही, उगं धागा उडायला नको). तिथल्या पोरानं मावशी मावशी करत चहा पाजला, एफडीच आहे, फक्त व्याज जास्त आणि वर विमा फुकट असं सांगून चार ठिकाणी सह्या घेतल्या. परवा फोन, दुसऱ्या वर्षाचे २ लाख भरा. तेव्हा कळलं की ही दरसाल २ लाख भरायची पॉलिसी आहे. महिन्याला १४ हजार येणारी बाई कुठनं भरणार? शाखेत गेलो तर ते पोरगं बदलून गेलंय, मॅनेजर म्हणतोय सही तुमच्या आईचीच आहे, विमा कंपनीला विचारा. कंपनी म्हणतीय फ्री लूकचे, म्हणजे पॉलिसी परत करायचे, ३० दिवस कधीच संपले. कोणी चांगला वकील सुचवा.

पंचगंगा_घाट:
वकील राहू दे जरा. लिहून काय दिलंयस?

रंकाळ्याचा_वारा:
लिहून कशाला, तीनदा जाऊन भांडून आलोय की.

पंचगंगा_घाट:
हितंच चुकतंय सगळ्यांचं. मी स्वतः बँकेत ३० वर्षं काढली, आता रिटायर आहे म्हणून सांगतो, काउंटरवरचं भांडण संध्याकाळी शटर ओढलं की संपतं, कागद आला की मात्र त्याला उत्तर द्यावं लागतं. साध्या कागदावर मराठीत अर्ज लिही, सही आईची, काय सांगितलं आणि काय दिलं एवढंच, शिव्या नकोत. एक प्रत शाखेत देऊन दुसरीवर शिक्का आणि तारीख घे, घेत नाही म्हटले तर तिथंच बसून राहा. तोच अर्ज विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेलनं आणि स्पीड पोस्टानं. त्यात दोन गोष्टी माग, प्रपोजल फॉर्मची (पॉलिसीसाठी सही घेतलेल्या अर्जाची) प्रत आणि पॉलिसी देण्याआधी जो व्हेरिफिकेशन कॉल करतात त्याचं रेकॉर्डिंग. फॉर्मवर उत्पन्न काय लिहिलंय ते आधी बघ.

सर्किट_हाऊस:
एवढं कशाला, आता हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलंय, तिथंच टाका केस 😄

पंचगंगा_घाट:
बेंच ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं, चांगलंच झालं, पण २ लाखाच्या पॉलिसीसाठी थेट तिथं जायचं नसतं ओ.

शाहूपुरीकर:
विमा कंपनीनं नाही म्हटलं किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही की विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. आपल्याला पुण्याचं ऑफिस लागतं, तक्रार ऑनलाइन होते, सुनावणी व्हिडिओवरही घेतात, फी शून्य. तिथं वकील चालतच नाही, आईनंच बोलायचं. मला तर हे बरंच वाटतं, आई जे साधं सांगेल ते वकिलाला जमणार नाही. निकाल आईच्या बाजूनं लागला तर कंपनीला ३० दिवसांत पाळावा लागतो, विरोधात गेला तरी ग्राहक आयोगाचा रस्ता उघडा राहतो. उलटं मात्र जमत नाही, आधी आयोगात गेलास तर लोकपाल हात लावत नाही. कंपनीनं नाकारल्यापासून एका वर्षात जायचं. बँकेनं विकताना फसवलं त्याची वेगळी तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे पण टाक, माहितीसाठी १४४४८ ला फोन लागतो.

गडहिंग्लजकर:
मी थोडा वेगळा आहे ह्यात. लोकपालाकडे माझ्या भावाचं प्रकरण "सही आहे" एवढ्यावर उडवलं होतं, जिल्हा ग्राहक आयोगात जिंकला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातच केस टाकता येते, कंपनी मुंबईची असू दे नाहीतर दिल्लीची, आणि बँक व विमा कंपनी दोघांना एकदम उभं करता येतं. ५ लाखांपर्यंत भरलेले असतील तर आयोगाची फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. पण खोटं कशाला बोलू, कायद्यात तीन महिने लिहिलंय आणि भावाला अडीच वर्षं लागली, तारखेला ऊसतोड सोडून जायचं म्हणजे काय ते घरच्यांना विचारा. मुदत दोन वर्षांची आहे, लोकपालाची वाट बघत ती घालवू नकोस.

भवानी_मंडप:
वकिलाच्या फीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईमाणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट पुरुषांना लागते, बायकांना नाही. कसबा बावड्याला जिल्हा न्यायालयात जाऊन अर्ज द्यायचा, १५१०० वरपण विचारता येतं. मी माझ्या पोटगीच्या केसला घेतला होता, वकीलबाई चांगल्या होत्या, फक्त फोन आपणच करत राहायला लागतं.

कागलचा_भाऊ:
आमचे पैसे पतसंस्थेत अडकलेत, आम्हाला पण लोकपाल चालंल का?

पंचगंगा_घाट:
पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या लोकपालात येत नाही भावा, आणि बँकेच्या ठेवीला ५ लाखांचं विमा संरक्षण असतं तेही तिला नाही. सहकार खात्यात जिल्हा उपनिबंधकाकडे लेखी तक्रार द्या, अपहार असेल तर आर्थिक गुन्हे शाखेत जाऊन १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा लावा म्हणा, त्यात संचालकांची मालमत्ता जप्त होऊ शकते. वेगळा धागा काढा, हितं ह्याचं राहू दे.

रंकाळ्याचा_वारा:
अपडेट. फॉर्मची प्रत मिळाली. वार्षिक उत्पन्न ९ लाख लिहिलंय, व्यवसाय "ट्रेडिंग", आणि ईमेल भलत्याचाच, आईला ईमेलच नाही! फ्री लूक गेला कसा ते आता कळलं, पॉलिसी त्या मेलवर गेली असणार. कॉलबद्दल आईला विचारलं तर म्हणते बँकेतलं ते पोरगं समोरच बसलं होतं, सगळ्याला हो म्हणा म्हणालं.

शाहूपुरीकर:
झालं की मग! १४ हजार पेन्शनवाल्या बाईचं ९ लाख उत्पन्न, पासबुक जोड त्याला. हाच तुझा वकील.

रंकाळ्याचा_वारा:
आज दोन्ही अर्ज दिले. शिक्का द्यायला मॅनेजरनं पाऊण तास लावला, आम्ही उठलोच नाही. महिनाभर बघतो, नाहीतर पुण्याला लोकपालाकडे टाकतो, आयोगाची दोन वर्षांची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवलीय. मधेच त्यांनी चहा मागवला होता, आई म्हणाली नको.