बँडचे जाहीर कार्यक्रम सुरू करावेत का? अनुभवी वादक-गायकांना विचारणा

प्रश्न : नाशिकचा गिटारवादक

आम्ही पाच जण हौसेने एकत्र वाजवतो. एक गायिका, की-बोर्ड, गिटार, बेस गिटार आणि ढोलक व ऑक्टापॅड (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) दोन्ही सांभाळणारा एक तालवादक, एवढाच आमचा संच आहे. जुनी भावगीते आणि चित्रपटगीते आम्ही आमच्या पद्धतीने बांधली आहेत, शिवाय काही रचना आमच्या स्वतःच्या आहेत. आजवर घरगुती मैफली आणि सोसायटीची स्नेहसंमेलने यांपलीकडे आम्ही गेलो नव्हतो. यंदा मात्र एका गणेशोत्सव मंडळाकडून, शनिवार संध्याकाळसाठी एका हॉटेलकडून आणि हळदीच्या रात्रीसाठी एका लग्नघरातून अशी तीन ठिकाणांहून विचारणा झाली आहे.

यावरून संचात दोन मते आहेत. लोकांसमोर उभे राहिल्याखेरीज बँड तयार होत नाही, असे तालवादक म्हणतो. की-बोर्डवादकाला मात्र वाटते की, एकदा सुपाऱ्या घ्यायला लागलो की गाडी, वायरी, पैसे आणि आयोजकांचे फोन यांतच जीव अडकेल आणि ज्यासाठी आपण जमतो ते वाजवणेच बाजूला पडेल. मला दोघांचेही पटते. म्हणून ज्यांनी हे बराच काळ केले आहे त्यांना विचारतो : त्रास नेमका कुठे होतो, त्यातला किती आधीच टाळता येतो आणि एवढे सोसून पुन्हा वाजवायला जावे असे तिथे काय मिळते?

उत्तर : की-बोर्डवादक, कोल्हापूर

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर आपल्यापाशी नसेल तर बाकीची व्यवस्था कितीही चोख ठेवली तरी ती ओझेच वाटते.

तालमीत गाणे बसते, म्हणजे कोणी कुठे थांबायचे, ओळींमधला कोणता पीस (वाद्यांचा तुकडा) कोणी उचलायचा आणि शेवट कसा करायचा, हे ठरते. श्रोते समोर आले की तेच गाणे आपल्याला नव्याने कळते. भावगीताच्या दुसऱ्या अंतऱ्याला पुढच्या रांगेतली आजी गायिकेच्या आधी ओळ गुणगुणू लागते, आणि ते पाहून गायिका तिथे किंचित थांबते; ती थांबली हे बेसवाल्याने ओळखले तर तो स्वर धरून ठेवतो, तालवादक ठेका हलका करतो, आणि कोणीही न ठरवलेली एक जागा सगळ्यांच्या हातून एकदम निर्माण होते. लावणीत ढोलकीच्या तुकड्याला शिट्टी आली की वादक आणखी एक आवर्तन मागतो, मान हलवून ते आम्हाला कळवतो, आणि तिहाई (तीनदा वाजवायचा तुकडा) घेऊन सगळे एकत्र समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो. हे ध्वनिमुद्रणात होत नाही आणि तालमीतही सहसा होत नाही. मी आजही अवजड की-बोर्ड उचलून जिने चढतो तो यासाठीच.

आता त्रासाकडे येतो. पहिला त्रास बाहेरचा नसून संचातलाच असतो. घरात वाजवताना प्रत्येक जण सगळा वेळ वाजवत राहिला तरी खपते. रंगमंचावर त्याचा गोंगाट होतो. गिटार आणि की-बोर्ड दोघांनीही एकाच सप्तकात कॉर्ड धरून ठेवल्या की गायिकेचा आवाज त्यांच्याखाली दबतो, आणि मग सगळे साउंडवाल्याला दोष देतात. कोणत्या गाण्यात कोणी गप्प राहायचे, हे तालमीतच ठरवा. आमच्या संचात हा नियम आल्यापासून निम्मी भांडणे मिटली.

दुसरी गोष्ट पट्टीची, म्हणजे गाणे कोणत्या सुरापासून गायचे त्याची. गायिकेला काळी दोन, म्हणजे पेटीवरची दुसरी काळी पट्टी, सोयीची असेल, तर मूळ गाणे कोणत्याही पट्टीत असो, काळी दोनच ठरवा आणि ती यादीत गाण्यासमोर लिहा. मी की-बोर्डवर ट्रान्स्पोजचे, म्हणजे पट्टी बदलणारे, बटण वापरतो, मात्र ते पुढच्या गाण्याआधी परत शून्यावर आणायचे असते. कार्यक्रमात पाहुणा पेटीवादक येणार असेल तर आणखी सावध राहा. जुन्या पेट्या पुष्कळदा आजच्या ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला जुळलेल्या नसतात आणि पेटी काही तिथल्या तिथे जुळवता येत नाही; म्हणून की-बोर्डचा सूक्ष्म सूर बदलून तो पेटीला मिळवावा लागतो आणि गिटार, बेस त्यानंतर लावावे लागतात.

गणेशोत्सव भाद्रपदात येतो. दमट हवेत ढोलकीची आणि तबल्याची पुडी (वरचे कातडे) सैल पडून सूर उतरतो, त्यामुळे घरून निघताना लावलेला सूर मंडपात टिकेल असे गृहीत धरू नका.

तिन्हींपैकी मी मंडळाचा कार्यक्रम घेईन आणि हॉटेलला नकार देईन. लोक जेवत असताना वाजवण्यात वादकाचे मन रमत नाही, हे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर : ध्वनिसंयोजक, पुणे

मी पूर्वी बेस वाजवत असे, आता ध्वनिव्यवस्था सांभाळतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी लिहितो. कार्यक्रम बिघडतो तो बहुतेक वेळा पहिले गाणे सुरू होण्याच्या कितीतरी आधी, आणि त्याचे मुख्य कारण असते साउंड चेकसाठी वेळ न मिळणे. आयोजक सात वाजता कार्यक्रम म्हणतात आणि संचाला साडेसहाला बोलावतात. त्यातच सत्कार, दीपप्रज्वलन आणि भाषणे यांसाठी रंगमंच अडवलेला असतो. म्हणून बोलणी करतानाच सांगा की, प्रेक्षक येण्यापूर्वी किमान एक तास रंगमंच आमच्या ताब्यात हवा. मानधनात थोडे कमीजास्त केले तरी चालेल, पण ही अट सोडू नका.

त्या तासात काय करायचे हेही ठरलेले असावे. आधी तालवाद्ये, मग बेस, मग की-बोर्ड आणि गिटार, शेवटी गायिका, आणि त्यानंतर सगळ्यांनी मिळून तुमच्या यादीतले सर्वांत जोरकस आणि सर्वांत हळुवार अशी दोन गाणी वाजवून पाहावीत. एकाचा आवाज तपासला जात असताना इतरांनी वाजवू नये. ही साधी शिस्त फार थोडे संच पाळतात.

श्रोत्यांना काय ऐकू जाते याची काळजी बहुतेक जण करतात, पण वादकांना एकमेकांचे काय ऐकू येते हे त्याहून आधी पाहायला हवे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. मंडळाच्या रुंद रंगमंचावर तालवादक एका टोकाला आणि गिटारवादक दुसऱ्या टोकाला, दहा मीटरवर उभा असेल, तर ढोलकाची थाप त्याच्यापर्यंत जवळजवळ ३० मिलिसेकंद उशिरा पोहोचते, आणि तो तिच्यामागे वाजवू लागला की लय ओढली जाते. यावर उपाय दोनच : जवळजवळ उभे राहा आणि प्रत्येकासमोर मॉनिटर, म्हणजे वादकाकडे तोंड केलेला स्पीकर, मागून घ्या. रंगमंच भरलेला दिसावा म्हणून पसरून उभे राहण्याचा आग्रह आयोजक धरतात; तो मोडून काढा.

शिट्टीसारखा कर्कश आवाज घुमतो तेव्हा मॉनिटरमधला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरत असतो. नेहमीचा कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज उचलणारा) माइक, उदाहरणार्थ १९६६पासून जगभर वापरला जाणारा शुअर एसएम५८, आपल्या पाठीमागून येणारा आवाज सर्वांत कमी उचलतो, म्हणून मॉनिटर माइकच्या बरोबर मागच्या दिशेला, गायिकेकडे तोंड करून ठेवावा. गायकांनी माइकची जाळी मुठीत पकडू नये, कारण त्यामुळे माइकचा हा गुणच नाहीसा होतो आणि तो चहूबाजूंचे उचलू लागतो. गायिकेला स्वतःचा आवाज ऐकू येत नसेल तर आधी इतरांचा आवाज कमी करा. तिचाच वाढवत गेलात तर शिट्टी अटळ आहे.

विजेबाबतही लिहितो, कारण हा गैरसोयीचा नसून सुरक्षिततेचा प्रश्न आहे. मंडपातली जोडणी घाईत केलेली असते. वाद्यांचा आणि ध्वनियंत्रणेचा पुरवठा शक्यतो एकाच जागेवरून घ्यावा, नाहीतर ५० हर्ट्झची घरघर येते. आणि अर्थिंग आहे की नाही हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतल्याशिवाय गिटारच्या तारा हातात धरून माइकला ओठ लावू नयेत. पावसात भिजलेल्या रंगमंचावर मी संचाला चढू देत नाही, आयोजक कितीही नाराज झाले तरी.

वेळेचा प्रश्न कायद्याचा आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत आणि त्यांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मर्यादा मध्यरात्री १२पर्यंत शिथिल करू शकते, आणि गणेशोत्सवातले काही दिवस त्यांत असतात, सगळे नव्हे. तुमची तारीख त्यांत आहे का, हे मंडळाला विचारून घ्या. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्राचे नियम आणखी कडक आहेत. मुंबईत इंडिपेंडन्स रॉक हा रॉक संगीताचा महोत्सव ज्या रंगभवनात गाजला, ते खुले प्रेक्षागृह याच कारणाने मोठ्या आवाजाच्या कार्यक्रमांना बंद झाले, आणि रॉक वाजवणाऱ्या आमच्या पिढीला ती हानी अजून जाणवते. तरीही रात्री शेजारच्या आजारी माणसाला झोप मिळावी, हा आग्रह मला योग्यच वाटतो. दहाला थांबायचे असेल तर सगळ्यात चांगली गाणी साडेनऊच्या आत वाजवून झालेली असावीत.

आणि कान जपा. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा मानली, तर दर ३ डेसिबलला ती निम्मी होत जाते, म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे उरतात. तुमच्या तालवादकाला संगीतकारांसाठी मिळणारे इअरप्लग घ्यायला सांगा.

उत्तर : गायिका, ठाणे

कोल्हापूरकरांच्या बाकी सगळ्या लिखाणाशी मी सहमत आहे, हॉटेलबाबत मात्र नाही. कमी आवाजात, तरीही सुरात आणि लयीत वाजवणे आमचा संच हॉटेलातच शिकला. मंडपात जोरात वाजवून पुष्कळ काही झाकता येते. चार टेबलांपलीकडे लोक बोलत असताना वाजवायचे असेल तर ब्रशने ठेका धरावा लागतो, गिटारला बोटांनीच छेडावे लागते आणि प्रत्येक चूक ऐकू येते. ज्या संध्याकाळी एखाद्या टेबलावरचे बोलणे आपोआप थांबते, ती दाद मला टाळ्यांपेक्षा मोठी वाटते. फक्त दर पाऊण तासाने विश्रांती मिळेल, हे आधी ठरवून घ्या, कारण सलग तीन तास गाणारा गळा दुसऱ्या दिवशी साथ देत नाही.

हळदीचा कार्यक्रम समजून घ्या. तिथे लोकांना नाचायचे असते आणि तो त्यांचा हक्क आहे. तुमची भावगीते तिथे कोणी ऐकणार नाही, आणि तशी अपेक्षा ठेवून गेलात तर तुमचाही विरस होईल आणि त्यांचाही. नाचायच्या ठेक्याच्या गाण्यांची वेगळी यादी तयार असेल तरच होकार द्या. फर्माइशींच्या चिठ्ठ्या येतील. त्या एकाच माणसाने वाचाव्यात आणि जे बसवलेले नाही ते नम्रपणे नाकारावे. न बसवलेले गाणे अर्धवट गाऊन कोणाचेही समाधान होत नाही.

गायिका म्हणून काही गोष्टी मी बोलण्यातच मागून घेते आणि तुमच्या संचातल्या पुरुषांनीही त्या तुमच्या गायिकेसाठी मागाव्यात, तिच्यावर सोडू नयेत : कपडे बदलायला दार बंद होणारी खोली, स्वच्छ स्वच्छतागृह, आणि रात्री घरापर्यंत पोहोचवण्याची सोय. एका आयोजकांनी आम्हाला ध्वनियंत्रणेच्या टेम्पोतून परत पाठवायची तयारी केली होती. तेव्हापासून प्रवासाचे वाहन हे लेखी ठरवल्याशिवाय आम्ही तारीख देत नाही.

पैशांचे सांगते. निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी. ध्वनियंत्रणेचे आणि प्रवासाचे पैसे मानधनाखेरीज. आणि आलेल्या रकमेतून तारा, वायरी, बॅटऱ्या यांसाठी संचाचा एक वाटा आधी बाजूला. उरलेले समान वाटा. गायिकेला जास्त आणि बेसवाल्याला कमी, अशी पद्धत अनेक वाद्यवृंदांत आहे, पण पाच जणांच्या संचात ती मला अन्यायाची वाटते.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. संचाला हे सगळे वाचून दाखवले. दोन शंका उरल्या आहेत. चित्रपटगीते जाहीरपणे वाजवण्यासाठी परवाना कोणी घ्यायचा? आणि आमच्या स्वतःच्या रचना यादीत कुठे ठेवाव्यात?

उत्तर : ध्वनिसंयोजक, पुणे

गीत आणि चाल यांच्या जाहीर सादरीकरणाचे हक्क पाहणारी संस्था म्हणजे आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी), आणि परवाना साधारणतः आयोजक किंवा जागेचा मालक घेतो. हॉटेलकडे तो आहे का, हे विचारा. विवाहविधी आणि त्याला जोडून होणारे समारंभ यांना कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये अपवाद आहे. मंडळाने मात्र, धार्मिक विधी वेगळा आणि वाद्यवृंदाचा कार्यक्रम वेगळा हे लक्षात घेऊन, आधीच चौकशी करून ठेवावी. परवान्याची जबाबदारी आयोजकांची राहील, असे एक वाक्य तुमच्या पत्रात घाला.

उत्तर : गायिका, ठाणे

स्वतःची रचना पहिली ठेवू नका, कारण तेव्हा लोक अजून बसत असतात. शेवटीही नको, कारण तेव्हा त्यांना ओळखीचे काहीतरी हवे असते. तिसऱ्या-चौथ्या गाण्यापर्यंत त्यांना तुमच्या आवाजाची ओळख होते आणि नवे ऐकायची तयारीही असते. निवेदनात गीतकाराचे आणि संगीतकाराचे नाव स्पष्ट घ्या, गाण्याविषयी दोन वाक्ये सांगा, आणि ते तुमच्या यादीतल्या कोणत्याही गाजलेल्या गाण्याइतक्याच तयारीने वाजवा. हॉटेलच्या शनिवारी ते आधी वाजवून पाहिलेत, तर कोणता अंतरा लांबतो आहे हे मंडपात जाण्यापूर्वीच कळेल.