शाळकरी मुलांना एआरटीचं (एचआयव्हीवरच्या उपचाराचं) औषध शाळा न बुडवता कसं द्यायचं?

प्रश्न
एआरटी केंद्राची वेळ आणि शाळेची वेळ एकच. दर महिन्याला बोलावलं की दर महिन्याला खाडा आणि शाळेत नवी सबब. परीक्षा आली की तारीख चुकतेच. मोठ्यांसारखं मुलांनाही एकदम जास्त महिन्यांचं औषध देता येतं का? वजन वाढत असतं, त्याचं काय?

उत्तर १ (बालरोग विभाग)
देता येतं. दोन वर्षांवरचं मूल किमान सहा महिने औषधावर असेल, व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) दबलेला असेल आणि दुसरा आजार नसेल, तर 3 ते 6 महिन्यांचं द्या. खरी अडचण वजनाच्या टप्प्यांची. डोलुटेग्राविर या एचआयव्हीवरच्या औषधाची 10 मिग्रॅची विरघळणारी गोळी 14 ते 20 किलोच्या आत रोज अडीच. 20 किलोपासून 50 मिग्रॅची साधी गोळी रोज एक. त्यासोबतची अबाकाविर-लॅमिव्हुडिनची 120/60 मिग्रॅची जोडगोळीही 14 ते 20 ला अडीच, 20 ते 25 ला तीन, 25 पासून 600/300 ची एक. 30 किलो झालं की टीएलडी (टेनोफोविर, लॅमिव्हुडिन, डोलुटेग्राविर एकत्र), दिवसाला एकच गोळी.

म्हणून 19 किलोच्या मुलाच्या हातात सहा महिन्यांच्या बाटल्या देऊ नका, मधेच 20 ओलांडेल. टप्प्याच्या एक-दीड किलो अलीकडे असेल तर तीन महिनेच.

आणखी एक चूक वारंवार होते. साठा संपला की 50 च्या एका गोळीऐवजी 10 च्या पाच लिहून देतात. दोन्हींचं शोषण सारखं नाही. 20 ते 25 किलोला 10 च्या तीनच. क्षयरोगासाठी रिफॅम्पिसिन चालू असेल, तर डोलुटेग्राविरचा तोच डोस दिवसातून दोनदा.

उत्तर २ (औषध वाटप)
तारखा शाळेच्या सुट्ट्यांना बांधा. वर्षाचं वेळापत्रक पालकांकडून मागवून घ्यायचं आणि वजन, व्हायरल लोडचं रक्त, औषध हे सगळं एकाच फेरीत उरकायचं. मधली बाटली पालक एकटे नेऊ शकतात, मात्र घरी केलेलं ताजं वजन विचारूनच द्या.

लोक लपवायला गोळ्या साध्या डबीत काढतात. डोलुटेग्राविर ओल धरतं. मूळ बाटली आणि आतली ओलावा शोषणारी पुडी तशीच राहू द्या, हवं तर लेबल खरवडा. शाळेत लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या मिळत असतील तर डोलुटेग्राविर त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनी. जेवणासोबत घेतलं तर दोन्ही एकत्र चालतात. औषधाची वेळ घरचीच ठेवा, शाळेत डोस नको. रात्री घेऊन झोप लागत नसेल तर सकाळी द्या.

उत्तर ३ (समुपदेशन)
रजेच्या चिठ्ठीचं कुणी बोललं नाही. ‘एआरटी’ शिक्का असलेला कागद वर्गात गेला की संपलं. रुग्णालयाचा साधा कागद, मजकूर एवढाच: ‘तपासणीसाठी आला होता.’ शाळेला निदान कळण्याची गरज नाही.

मुलाला सांगणं मात्र टाळू नका. जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला हाच, की शाळकरी वयातच, समजेल तसं टप्प्याटप्प्यानं सांगावं. आधी ‘रक्तातला जंतू झोपवणारं औषध’, मग आजाराचं नाव. न सांगितलेलं मूल बाराव्या-तेराव्या वर्षी ‘मला काय झालंय?’ म्हणत गोळ्या उशीखाली ठेवायला लागतं. व्हायरल लोड 1000 च्या (दर मिलिलिटर रक्तात विषाणूच्या प्रती) वर आला की औषध बदलण्याआधी हे तपासा, समुपदेशन करा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजा.

प्रश्नकर्ता
ही फेरतपासणी परीक्षेत येते.

उत्तर १
मग वाळवलेल्या रक्ताच्या थेंबाचं कार्ड जवळच्या आरोग्य केंद्रात घ्या. 1000 च्या वर की खाली हे ठरवायला ते पुरतं. आणि तीच फेरी वापरून भावंडांची चाचणी करून टाका. आठ वर्षांचं मूल धडधाकट दिसतं म्हणून सोडू नका. सतत वाहणारा कान, कानाखालची लालाग्रंथींची सूज, खुंटलेली उंची एवढंच दिसत असतं. दीड वर्षावरच्या मुलाला साधी प्रतिपिंड चाचणीच लागते.