मदत हवी आहे : ऐन जालूतला मंगोल हरले कसे?

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनकट्ट्यावर पुढच्या रविवारी मला इजिप्तवर राज्य केलेल्या ममलूक सैनिकांवर वीस मिनिटं बोलायचंय. हौसेने हो म्हटलं आणि आता अडकलोय.

१२५८ मध्ये बगदाद धुळीला मिळवणारे मंगोल दोनच वर्षांत, ३ सप्टेंबर १२६० ला, पॅलेस्टाईनमधल्या ऐन जालूत इथे ममलूकांकडून हरले. मजा म्हणजे हे ममलूक मुळात विकत आणलेले गुलाम, त्यातले बरेचसे काळ्या समुद्राच्या वरच्या गवताळ प्रदेशातले किपचाक तुर्क. म्हणजे घोडा आणि धनुष्य मंगोलांइतकंच अंगवळणी पडलेलं! बैबर्सही तसाच विकला गेलेला पोरगा, पुढे सुलतान झाला. (आपल्याकडच्या दिल्लीच्या गुलाम वंशाची आठवण येतेच.)

माझा घोळ इथे आहे : मंगोल खान मोंगके वारल्यावर त्याचा भाऊ आणि मोहिमेचा प्रमुख हुलागू बहुतांश फौज घेऊन मागे फिरला होता, त्याचा सरदार कितबुकाकडे थोडंच सैन्य उरलं होतं. मग विजयाचं श्रेय ममलूकांच्या तालमीला किती आणि या योगायोगाला किती द्यायचं? मला तालमीचं पारडं जड वाटतं, पण नेमका मुद्दा सापडत नाही.

त्यांच्या छावणीतल्या शिक्षणाबद्दल मराठीत काही वाचलंय का कुणी? इंग्रजीही चालेल, फक्त फार जाडजूड नको.