मदत हवी आहे: ग्रास कटर आणि पाण्याचा पंप सहा-आठ महिने बंद ठेवताना पेट्रोलचं काय करायचं?

प्रश्नकर्ता

नमस्कार मंडळी,

गाव देवगड तालुक्यात, खाडीच्या अगदी जवळ. घरी दोन इंजिनं आहेत. एक टू-स्ट्रोक ग्रास कटर, बागेच्या बेणणीसाठी. दुसरा फोर-स्ट्रोक पेट्रोल पंप, दोन इंची, नव्या कलमांना आणि काजूच्या रोपांना पाणी द्यायला. कटर गणपतीनंतर सुरू होतो आणि वणव्याच्या धास्तीने जाळरेषा काढून झाल्या की जानेवारीत थांबतो. पंपाचं बरोबर उलटं. डिसेंबर ते मे काम, मिरग लागला की मांगरात.

यंदा कटर सुरू करताना दोरी ओढून ओढून खांदा गेला. गॅरेजवाल्याने कार्बोरेटर उघडला तर जाळीवर चिकट पिवळा थर आणि आतला रबरी पडदा पापडासारखा कडक.

नेटवर शोधलं तर सगळा सल्ला बर्फाच्या देशांतला. लॉनमोवर हिवाळ्यात कसा ठेवावा, पंपात पाणी राहिलं तर गोठून बॉडी कशी तडकते, वगैरे. आपल्याकडे पाणी गोठायचा प्रश्नच नाही. आपला शत्रू दमट हवा आणि मीठ. म्हणून विचारतोय, त्यातलं इथे काय लागू पडतं? कोणी म्हणतं टाकी गच्च भरून ठेवा, कोणी म्हणतं पूर्ण रिकामी करा. काका म्हणतात सगळ्याला खोबरेल चोपड आणि गोणपाटात गुंडाळ. मी मुंबईत असतो, शिमग्याला आणि मे महिन्यात जातो, त्यामुळे अधूनमधून बघणं जमत नाही.

कातळावरचा

दोन्ही टाक्या रिकाम्या करा. टाकी भरून ठेवण्याचा सल्ला पत्र्याच्या टाकीसाठी आहे. टाकी भरलेली असली की आत हवा कमी, मग दव धरत नाही आणि गंज येत नाही. पण तो सल्ला इथेनॉल नसलेल्या किंवा स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवणारं रसायन) घातलेल्या पेट्रोलला शोभतो. आता आपल्याला मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं. केंद्राच्या 2018 च्या जैवइंधन धोरणात यासाठी 2030 साल धरलं होतं, 2022 मध्ये ते 2025-26 वर आणलं.

इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि जुलैत आपल्याकडे हवेत दुसरं असतं काय? पाणी एका मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. टू-स्ट्रोकमध्ये हे जास्त वाईट, कारण पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं आणि टाकीतला फिल्टर तळाशी लोळत असतो. म्हणजे इंजिनाच्या तोंडी पहिल्यांदा जातं ते बिनऑइलचं मिश्रण. पिस्टनला ओरखडे पडायला तेवढं पुरतं.

खात्री करायची असेल तर काचेच्या बाटलीत थोडं पाणी घ्या, खूण करा, वर पेट्रोल ओता, हलवून ठेवा. खालचा थर खुणेच्या वर गेलेला दिसेल. ते पाण्यात उतरलेलं इथेनॉल.

कटरची टाकी ओतून काढा, मग इंजिन चालू करून आपोआप बंद पडू द्या. चोक लावून परत एक-दोनदा ओढा, कार्बोरेटरमधलं उरलंसुरलंही संपेल. पडदा कोरडा राहून कडक होतो असंही काही जण म्हणतात. पण पडद्याचं किट स्वस्त, कार्बोरेटर महाग. आणि 50:1 चं मिश्रण, म्हणजे लिटरला 20 मिली ऑइल, महिन्याभरात संपेल एवढंच बनवत जा.

खाडीपलीकडे

माका विचारशात तर पंपाची जास्त काळजी घ्या. खाडीकाठच्या विहिरींना मे महिन्यात पाणी मचूळ होतं. तेच पाणी बॉडीत राहिलं की मीठ सुकतं, इम्पेलर (पाणी ढकलणारं आतलं चाक) आणि सील धरतं, आणि डिसेंबरात पंप पाणीच उचलत नाही. शेवटच्या दिवशी गोड्या पाण्यावर थोडा वेळ चालवा, मग बॉडीच्या तळाचा बोल्ट काढून सगळं पाणी सांडा.

इंजिन गरम असतानाच ऑइल बदला. काळ्या ऑइलात आम्ल आणि ओल असते, ती पाच-सहा महिने बेअरिंगवर कशाला ठेवायची? प्लग काढून भोकातून चमचाभर ताजं ऑइल सोडा, दोरी दोनदा हळू ओढा, प्लग लावा. मग परत दोरी ओढून जिथे जड लागेल तिथे थांबा. तिथे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, दमट हवा आत जात नाही. प्लगच्या भोकातून ऑइल सोडायचं तेवढं कटरलाही करा, त्याला असे व्हॉल्व्ह नसतात.

काकांचं गोणपाट बरोबर आहे, खोबरेल नाही. ते धूळ धरतं. पात्याला आणि गिअरबॉक्सला ग्रीसच हवं. प्लॅस्टिकमध्ये मात्र गुंडाळू नका, आतल्या आत घाम धरतो. जमिनीवर न ठेवता फळीवर, चिऱ्याच्या भिंतीपासून लांब. सायलेन्सरच्या तोंडाला फडकं बांधा. कुंभारीण माशी तिथे मातीचं घर करते आणि उंदरांना एअर फिल्टरचा फोम फार आवडतो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. एक शंका: गावातला भाऊ म्हणतो, दर महिन्याला पाच मिनिटं चालू करून ठेवतो. ते केलं तर हे सगळं टाळता येईल का?

कातळावरचा

नको. पाच मिनिटांत इंजिन नीट तापत नाही, जळताना तयार झालेली वाफ आत ऑइलात उतरते आणि कार्बोरेटरमध्ये पेट्रोल परत साचतं. चालवायचं तर पंधरा-वीस मिनिटं लोडवर, म्हणजे खरंच पाणी उपसत. नाहीतर रिकामं करून हात लावायचा नाही. भावाला एवढंच सांगा की जूनअखेरीस गोणपाट ओलं झालंय का ते बघ.

प्रश्नकर्ता

ठीक. पडद्याचं किट मागताना दुकानात काय सांगायचं? कटरवरचं स्टिकर निघून गेलंय.

खाडीपलीकडे

कटरचं मॉडेल कोणी विचारणार नाही. कार्बोरेटरच्या बॉडीवर नंबर कोरलेला असतो, त्याचा फोटो काढा. आणि जुना पडदा टाकू नका, दुकानात सोबत न्या. भोकं जुळवून घेता येतात.