तर्कविचाराची परीक्षा आणि गुळाचे ९ रवे
प्रात्यक्षिकात प्रोग्रॅम चालला म्हणजे विद्यार्थ्याचा तर्क तपासला गेला, हे मत मला पटत नाही, कारण बायनरी सर्च (क्रमाने लावलेली यादी दर वेळी निम्मी करत शोधण्याची रीत) पाठ करूनही लिहिता येतो. कोल्हापुरातील आमच्या वर्गात मी विचारतो, की दिसायला सारख्या गुळाच्या ९ रव्यांपैकी एक हलका असेल, तर साध्या तराजूवर २ वेळा तोलून तो कसा शोधाल? पुष्कळ जण सवयीने ४-४ रवे पारड्यांत चढवतात (पाठांतर इथेच उघडे पडते); ३-३-३ ही वाटणी थोड्यांनाच सुचते. खरे गुण पुढच्या प्रश्नाला आहेत: २७ रव्यांना ३ वेळा तोलणे पुरते, मग २८ ना का पुरत नाही? दर वेळी निकाल तीनच प्रकारचे (डावे पारडे जड, उजवे जड किंवा दोन्ही सारखी), म्हणून ३ × ३ × ३ = २७ हीच मर्यादा, हे ज्याने कागदावर मांडले, त्याचा कोड अपुरा राहिला तरी मी फारसे गुण कापत नाही.