नाशिककरांचा अनुभव धागा : तुमच्या छंदाला खर्च किती येतो?

इंदिरानगर (धागा काढणारी)

सहा वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी माळा आवरताना लग्नपत्रिकांनी गच्च भरलेली एक पिशवी सापडली. सासूबाई एकही पत्रिका टाकत नसत, कारण प्रत्येकीवर गणपती. रद्दीत घालायची नाही, आणि पाण्यात सोडावी तर गोदावरीचे आधीच काय हाल आहेत ते रामकुंडावर दिसतंच. मग कात्री घेऊन बसले. गणपती अलगद कापून वेगळे, सोनेरी वेलबुट्टी वेगळी, आतला जाड कोरा कागद वेगळा. त्यातून पहिलं कार्ड केलं ते भाचीच्या वाढदिवसाचं. आता वर्षाला शंभरेक होतात.

सामान म्हणजे पत्रिका, जुनी कॅलेंडरं, शिंप्याकडच्या चिंध्या, फाटक्या शर्टांची बटणं. विकत आणलं ते फेविकॉल आणि मेन रोडवरून एक बरी कात्री. हात बसायला वेळ लागला, म्हणून दोन युक्त्या सांगून ठेवते. जाड कागदाची घडी घालायच्या आधी शाई संपलेल्या बॉलपेनने पट्टी धरून रेघ दाबून घ्यायची, म्हणजे घडी फुटत नाही. आणि नक्षी हवी असेल तर कागदावर गुलमोहराची डहाळी ठेवायची, वर चहाची जुनी गाळणी धरायची आणि रंगात बुडवलेला टूथब्रश गाळणीवर घासायचा. बारीक शिंतोडे उडतात. डहाळी उचलली की तिचा पांढरा आकार राहतो. गाळणी मात्र खरोखरच जुनी घ्या. मी एकदा चालू गाळणी घेतली होती, दुसऱ्या दिवशी चहाला निळी झाक.

फजिती पण लिहिते. पुण्याच्या वन्संना पाडव्याचं कार्ड पाठवलं. त्यावर पुठ्ठ्याची गुढी, कापडाचं लुगडं, वर बटणाचा तांब्या. पाच रुपयांचं तिकीट लावलं आणि पेटीत टाकलं. पाच रुपयांत २० ग्रॅमच जातात हे माहीत होतं, पण वजन कोण करतंय! पाकीट बेरंग झालं. कमी पडलेल्या तिकिटाची दुप्पट रक्कम घेणाऱ्याला भरावी लागते, म्हणजे वन्संनी दहा रुपये मोजून माझ्या शुभेच्छा सोडवून घेतल्या. त्या दहा रुपयांची आठवण अजून दर पाडव्याला निघते.

आता तुम्ही लिहा. छंद कसलाही चालेल, फक्त स्वतः केलेला हवा. खर्चही लिहा. घरच्यांपासून लपवलेला असेल तर आधी लिहा.

नाशिकरोड

ताई, मी तुमच्या पाकिटावरच्या तिकिटाचा माणूस.

आमच्याकडे ‘प्रेस’ म्हणजे वर्तमानपत्र नव्हे. १९२५ साली इथं इंडिया सिक्युरिटी प्रेस आली. त्याआधी आपली पोस्टाची तिकिटं लंडनहून, डे ला रू कंपनीकडून छापून यायची. वडील प्रेसमध्ये कामाला. शाळेत सगळ्यांची समजूत अशी की माझ्याकडे तिकिटांची पोती असणार. मलाही तसंच वाटायचं. एकदा हट्ट धरला, ‘एक आणा ना, एकच.’ वडील रोज गेटवर झडती देऊन बाहेर पडणारे. ते एवढंच म्हणाले, “त्या एका तिकिटाची किंमत माझी नोकरी.”

पुढं त्यांनी एक गोष्ट केली. नवं तिकीट निघालं की मला सायकलच्या दांडीवर बसवून पोस्टात न्यायचे, रांगेत उभं करायचे आणि माझ्या हातात पैसे द्यायचे. मी घेतलेलं पहिलं कोरं तिकीट १९७१ चं, दादासाहेब फाळक्यांचं, २० पैशांचं. त्र्यंबकचा माणूस, वडिलांच्या प्रेसमध्ये छापलेला, आणि पोस्टाच्या खिडकीवर विकत घेतलेला! घरी आल्यावर वडील ते तिकीट खिडकीपाशी धरून बराच वेळ बघत होते. दिवसभर तेच काम करून आलेला माणूस!

बाकी संग्रह वापरलेल्या तिकिटांचा. ती सोडवायची पद्धत लिहितो, कारण नवी मुलं नखाने ओढतात आणि मागचा कागद सोलवटतो. भोवतीचं पाकीट थोडं राखून तिकीट कापायचं आणि पसरट ताटलीत कोमट पाण्यात ठेवायचं. पंधरा-वीस मिनिटांत ते आपोआप सुटून येतं. रंगीत पाकिटांवरची वेगळी भिजवा, लाल रंग सगळ्यांना लागतो. वाळवायला टीपकागद किंवा कोरा कागद घ्या. वर्तमानपत्राची शाई उतरते. थोडी ओल असतानाच जाड पुस्तकात दाबलं की वळत नाही. पुढं हात लावायचा नाही, चिमटाच.

स्वातंत्र्यानंतरचं पहिलं तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ ला निघालं, तिरंगा आणि ‘जय हिंद’, साडेतीन आणे. माझ्याकडे आहे. एक कोपरा तुटलेला आहे, म्हणून त्याला बाजारात कोणी विचारत नाही आणि मीही विकत नाही.

नाणी जमवणाऱ्यांसाठी जाता जाता : अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय आहे. त्र्यंबकला शंभरदा जाणारे नाशिककर तिथं एकदाही वळलेले नसतात.

सातपूर

माझा छंद सायकलिंग. खर्च अठ्ठावीस हजार. अंतर एकूण चाळीस किलोमीटर. सध्या तिच्या हँडलवर टॉवेल आणि सीटवर उशांचे अभ्रे वाळतात. बायको म्हणते, एवढं महागडं स्टँड कॉलनीत कोणाकडे नाही.

कॉलेज रोड

सातपूरच्या भाऊंसाठी खास लिहिते, कारण माझी सायकलही दोन वर्षं बाल्कनीत उभी होती.

२०१५ मध्ये आपल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. साधारण ४,८०० किलोमीटर, दोघांत मिळून, नऊ दिवसांच्या आत. तेव्हा गावात सायकलीची लाटच आली होती. आमच्या ह्यांनी त्या लाटेत गिअरची सायकल घेतली, चार रविवार चालवली आणि नंतर त्यांचे गुडघे दुखायला लागले. ती मी उतरवली. वय सेहेचाळीस, कारकुनी नोकरी, बसून बसून कंबर धरलेली. पहिल्या दिवशी गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत गेले आणि धबधबा न बघता वडा खाऊन परत आले.

मग गंगापूर धरण. मग त्र्यंबक, एका बाजूने अठ्ठावीस-तीस किलोमीटर. मग सिन्नर, कारण मध्ये मोहदरीचा घाट आहे आणि आमच्या गटातले सगळे म्हणत होते, ‘मोहदरी चढलीस तर पंढरपूर झालंच समज.’ पहिल्यांदा मी उतरून सायकल ढकलत नेली. एका दादांनी सांगितलं, गिअर चढ लागायच्या आधी टाकायचा. पायावर जोर आल्यावर टाकला की चेन कुरकुरते आणि आपणही. दुसऱ्यांदा चढले.

आषाढीच्या आधी आम्ही सायकलने पंढरपूरला निघालो. सगळे मिळून बत्तीस, सर्वांत लहान सतरा वर्षांचा, सर्वांत मोठे एकाहत्तर. सिन्नर, नांदूर शिंगोटे, लोणी, कोल्हार, राहुरी करत पहिला मुक्काम नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. एका दिवसात एकशे साठच्या आसपास. रात्री जिना उतरताना मी कठड्याला धरून, उलटी, एकेक पायरी उतरले. सगळेच तसे उतरत होते, म्हणून लाज वाटली नाही.

दुसरा दिवस जड. नगर सोडल्यावर उजव्या अंगाने वारा येतो आणि थांबतच नाही. समोरून आला तर निदान शिव्या देता येतात, हा आपला सारखा बाजूने ढकलतो. करमाळ्याच्या अलीकडे माझ्या मागच्या चाकात काटा गेला. मागून येणाऱ्या टेम्पोत ट्यूब होत्या, पण त्या सतरा वर्षांच्या पोराने मला हातच लावू दिला नाही. “मावशी, तुम्ही चिक्की खा,” म्हणाला आणि सात मिनिटांत चाक बसवून मोकळा. भूक लागायच्या आधी खायचं आणि तहान लागायच्या आधी प्यायचं, हा एकच नियम मी पाळला. राजगिरा लाडू, खजूर, बाटलीत लिंबू-मीठ-साखर.

तिथंच रस्त्याकडेला एक म्हातारी बसली होती. बत्तीस सायकली आणि वर भगव्या पताका बघून उठली. माझ्या हँडलला हात लावून तो कपाळाला लावला आणि मग म्हणाली, “बाई, चालत जायचं सोडून हे काय काढलंय?” मी म्हटलं, “रजा तीनच दिवसांची आहे, आजी.” त्यावर ती म्हणाली, “मग माझा बी नमस्कार सांग. मला रजा बी न्हाई आन् पाय बी न्हाईत.”

दुसरा मुक्काम टेंभुर्णी. तिसऱ्या दिवशी सकाळी उरलेले चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. पंढरपुरात दर्शनाची रांग बघून गाभाऱ्याचा विचारच सोडला. नामदेव पायरीशी डोकं टेकवलं, कळस बघितला. स्वतःसाठी काय मागायचं ते ऐन वेळी आठवेना. आजीचा नमस्कार तेवढा सांगितला.

खर्च : सायकल ह्यांची, म्हणजे फुकट. पॅड असलेली चड्डी (ही घ्याच, आणि तिच्या आत दुसरं काही घालायचं नाही, मला हे पहिल्या शंभर किलोमीटरनंतर कोणीतरी सांगितलं), हेल्मेट, दोन ट्यूब, मुक्काम-जेवणाची वर्गणी. परत येताना सायकली टेम्पोत आणि आम्ही बसमध्ये झोपलेलो.

सातपूर

वहिनी, वाचून टॉवेल काढला. सीटवर बसलं की पाय जमिनीला नीट टेकतात, तरी गुडघा दुखतो. का?

कॉलेज रोड

म्हणूनच दुखतो. सीट खाली आहे. पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवा, पाय सरळ व्हायला हवा, तेवढी सीट वर घ्या. मग थांबताना सीटवरून पुढं उतरावं लागेल. दोन दिवस भीती वाटते.

निफाड (हे पण नाशिकच, हाकलू नका)

मी पक्षी मोजतो. आमचा द्राक्षाचा बाग आहे, त्यामुळे पप्पांच्या लेखी पक्षी म्हणजे घडांवरची धाड. ते जाळी लावतात, डबे वाजवतात, आणि मी रविवारी पहाटे दुर्बीण घेऊन चापडगावला जातो. “तू नक्की कोणाच्या बाजूचा?” असं त्यांनी एकदा विचारलंय.

तिथलं नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्य गोदावरी आणि कादवेच्या संगमावर आहे. २०२० मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, महाराष्ट्रातलं पहिलं. हिवाळ्यात सूर्य वर यायच्या आत पोचायचं. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, नशीब असेल तर रोहित (फ्लेमिंगो). चमचा नावाचा पक्षी चोचीने चिखल डावीकडे-उजवीकडे असा ढवळतो की वाटतं पिठलं हाटतोय. दुर्बीण सेकंडहँड, ८×४२ ची. म्हणजे आठपट मोठं दिसतं आणि पुढची काच ४२ मिलिमीटरची. त्याहून जास्त पट घेऊ नका, हात हलतो आणि पक्षी थरथरतो. खर्च साडेचार हजार, पप्पांना पंधराशे सांगितलाय.

कॉलेज रोडच्या मावशींसाठी : काळा, पांढऱ्या कपाळाचा एक पाणपक्षी तिथं थव्याने असतो. त्याचं मराठी नाव वारकरी. त्याला मात्र पंढरपूरला जायला रजा लागत नाही.

जुने नाशिक

पतंग. संक्रांतीच्या महिनाभर आधीपासून जेवण गच्चीवर. मांजा घरचा, सुती दोऱ्याला काचेची पूड आणि रंग लावलेला. तो दोन गच्च्यांच्या मध्ये ताणून वाळवायला चार माणसं लागतात, आता तेवढी माणसंच जमत नाहीत. आसारी आजोबांची. बाहेरगावचे फिरकी म्हणतात, म्हणू द्या. नायलॉनच्या मांजावर बंदी असूनही तो लावणारा आमच्या गच्चीवर आला तर पतंगासकट खाली. मागच्या वर्षी चुलतभावालाच पाठवला.

पंचवटी

वय ७८. रोज शब्दकोडं. वर्तमानपत्र शेजाऱ्यांचं, म्हणून पेन्सिलीने सोडवते आणि खोडून दहाच्या आत परत देते. खर्च : वर्षाला दोन खोडरबरं. गेल्या महिन्यात शेजारी म्हणाले, “आजी, खोडू नका, आम्ही तुमचीच उत्तरं बघून भरतो.” आता पेन आणलंय.

इंदिरानगर (धागा काढणारी)

सगळ्यांचं वाचलं, दोनदा. पंचवटीच्या आजी, तुमच्यासाठी चौकटी-चौकटींचं कार्ड करायला घेतलंय, उभे-आडवे शब्द तुम्हीच भरा. निफाडच्या दादा, साडेचार हजारांचं गुपित इथं सुरक्षित आहे, पण पप्पा हा धागा वाचत नाहीत ना?

नाशिकरोडचे काका, तुमच्यासाठी कार्ड तयार झालंय. आत पत्रिकेचा सोनेरी काठ, वर सायकलच्या दांडीवर बसलेला मुलगा. पाकिटावर छापील शिक्का नको, खिडकीवर जाऊन चांगली चित्रं असलेली तिकिटं मागून घेतली आणि पोस्टमास्तरांना म्हटलं, शिक्का जरा कोपऱ्यावर, हलक्या हाताने मारा. भोवती कागद भरपूर सोडलाय, कापायला.

किराणा दुकानातल्या काट्यावर वजन करून घेतलं. १८ ग्रॅम.